मुलाचा गुडघा दुखावला, आता कॉलेजच्या शब्दाचं काय?

पत्र: आम्ही टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो. मुलगा इथेच जन्मला, आता अकरावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर (बचावफळीत) खेळतो. गेल्या उन्हाळ्यात एका डिव्हिजन-१ (कॉलेज खेळातली सगळ्यांत वरची पातळी) विद्यापीठाने त्याला पूर्ण स्कॉलरशिपची तोंडी ऑफर दिली. त्याने होकार कळवला आणि विचारणा करणाऱ्या बाकी दोन कॉलेजांना नकार दिला. ऑक्टोबरच्या शेवटी सामन्यात त्याचं एसीएल (गुडघ्यातला अस्थिबंध) फाटलं, नोव्हेंबरच्या मध्यावर ऑपरेशन झालं. आधी दर आठवड्याला येणारे कोचचे मेसेज फेब्रुवारीपासून थांबलेत. आता एवढाच निरोप आलाय, की जूनच्या कॅम्पला ये, तुला पळताना बघू. ह्यांचं म्हणणं, झालं ते बरंच झालं, त्याला इंजिनिअरिंगकडे वळव. मुलगा नीट जेवतही नाही. मला तर सगळं सोशल मीडियावर लिहावंसं वाटतंय. त्यांनी शब्द दिला होता ना? तो पाळायला नको का?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. हो, पाळायला हवा. आजच्या घडीला नियमाने ते बांधलेले नाहीत, पण नियम नाही म्हणून काही देणंच लागत नाही, असं मी मानत नाही. तुमच्या मुलाला त्यांनी स्वतः हेरलं, त्याच्या सामन्यांचे व्हिडिओ पाहिले, घरी फोन केले. त्या भरवशावर त्याने दोन दारं आपल्या हाताने लावून घेतली. ज्या खेळासाठी त्याला निवडलं तोच खेळताना त्याचा गुडघा गेला. फुटबॉलमध्ये गुडघा जाणं ही काही अघटित गोष्ट नव्हे आणि हे कोचइतकं कोणाला ठाऊक असतं? धोका पुरता माहीत असलेल्या मोठ्या माणसांनी त्याचा सगळा भार एका शाळकरी पोरावर टाकावा, हे मला पटत नाही.

आता परिस्थिती जशी आहे तशी सांगते. तोंडी होकार म्हणजे सुपारी फुटलेली असते, लग्न लागलेलं नसतं. दोन्ही बाजू मागे फिरू शकतात. कॉलेज लेखी ऑफर देऊ शकतं ते बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टपासून आणि सह्या होतात त्या त्यानंतर. फुटबॉलसाठी सह्यांचा पहिला मुहूर्त २०२४ पासून डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी असतो. पूर्वी यासाठी १९६४ पासून चालत आलेलं 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचं संमतिपत्र होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, ते बंद केलं. आता थेट आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. तुमच्या मुलाने अजून कशावरही सही केलेली नाही, त्यामुळे वकिलाकडे जाण्यात अर्थ नाही.

सही झाल्यानंतर मात्र चित्र बदलतं. कराराची मुदत चालू असताना इजा झाली किंवा खेळ खालावला म्हणून स्कॉलरशिप काढता येत नाही. हे संरक्षण सहजासहजी मिळालेलं नाही. १९७३ मध्ये एनसीएएने स्कॉलरशिप एकेका वर्षाची केली, म्हणजे जायबंदी मुलाची स्कॉलरशिप पुढच्या वर्षी नुसती नूतनीकरण न करता संपवता यायची. एकाहून जास्त वर्षांची स्कॉलरशिप देण्याची मुभा २०१२-१३ च्या वर्षापासून मिळाली, आणि तीही नको म्हणून कॉलेजांनी मतदान घेतलं होतं. अगदी थोडक्या मतांनी ती मुभा वाचली. जानेवारी २०१५ मध्ये पाच बड्या कॉन्फरन्सनी (कॉलेज संघांच्या गटांनी) ठरवलं, की खेळाच्या कारणावरून स्कॉलरशिप काढायची नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून हे बंधन डिव्हिजन-१ च्या सगळ्या विद्यापीठांवर आलं. त्याबरोबर कॉलेजच्या खेळात झालेल्या इजेचा वैद्यकीय खर्च कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं द्यायचा, हेही आलं.

तुमच्याच राज्यातलं एक प्रकरण यासाठी माहीत असायला हवं. टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा केंट वॉल्ड्रेप १९७४ मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मान मोडून कायमचा लुळा झाला. कामगार म्हणून भरपाई मिळावी यासाठी तो पुढे न्यायालयात लढला. २००० मध्ये टेक्ससच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, की तो विद्यापीठाचा कर्मचारी नव्हताच. सही केलेल्या, सामना खेळलेल्या खेळाडूची ही गत, तर सही न झालेल्याचा कैवार कोण घेणार? म्हणूनच मला वाटतं, की कायद्याने नाही तर निदान स्वतःच्या इभ्रतीसाठी तरी कॉलेजांनी हे देणं मानावं.

आणि ते मानता येतं. न्यू जर्सीतल्या रटगर्सचं नाव आपल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. तिथल्या एरिक लग्रांडला ऑक्टोबर २०१० मध्ये आर्मीविरुद्धच्या सामन्यात मानेखाली लकवा झाला. रटगर्सने त्याला दूर केलं नाही. २०१३ मध्ये त्याचा ५२ नंबर कायमचा राखून ठेवला, असा मान मिळालेला तो तिथला पहिला फुटबॉलपटू. २०१४ मध्ये त्याने पदवी पूर्ण केली. त्याचे कोच ग्रेग शियानो मधल्या काळात टॅम्पा बेच्या व्यावसायिक संघाकडे गेले, तर तिथे २०१२ मध्ये त्यांनी त्याच्याशी रीतसर करार केला. तो खेळू शकणार नाही हे माहीत असूनही.

कोचची बाजूही मी ऐकलेली आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, एनसीएए आणि खेळाडूंमधल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपच्या संख्येवर मर्यादा उरली नाही, पण संघातल्या जागा १०५ वर आल्या. शिवाय ट्रान्स्फर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार झालेला बावीस वर्षांचा गडी आयता मिळतो. शाळेतल्या मुलासाठी थांबायला कोणाला वेळ नाही. हंगाम बिघडला तर कोचची नोकरी जाते. आणि मुलंही दिलेला होकार फिरवतातच की, हा मुद्दाही खोटा नाही.

तरीही हे पारडं मला सारखं वाटत नाही. मुलगा फिरला तर कॉलेज दुसऱ्याच दिवशी यादीतल्या पुढच्याला फोन करतं. कॉलेज फिरलं तर मुलाकडे यादीच नसते, आणि दुखऱ्या पायाने तो नवी यादी तयारही करू शकत नाही. जागेचा मुद्दा तर मला अगदीच लटका वाटतो. शाळेतून आलेला लाइनबॅकर पहिल्या वर्षी बहुतेक वेळा बाकावरच असतो, त्याला 'रेडशर्ट' करून, म्हणजे सामन्यात न उतरवता, त्याचं खेळण्याचं वर्ष राखलं जातं. पाच वर्षांत चार हंगाम हा हिशोब जुनाच आहे, आणि २०१८ पासून चार सामने खेळूनही ते वर्ष वाचतं. तुमचा मुलगा कॉलेजात पाऊल ठेवेल तोवर ऑपरेशनला दीड वर्षाच्या वर होऊन गेलेलं असेल. मग आत्ता त्याला सोडण्याची घाई कशासाठी? पुढे गुडघा साथ देणारच नाही असं दिसलं, तरी दिलेली स्कॉलरशिप चालू ठेवून त्याला शिकू द्यावं, एवढी ऐपत त्या विद्यापीठांची नक्कीच असते.

आता तुम्ही काय करायचं ते. पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, त्याला जूनच्या कॅम्पमध्ये पळू देऊ नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सात महिने होतात. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलं तर गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो, आणि कोवळ्या वयात तो आधीच जास्त असतो. नऊ महिने म्हणजे ऑगस्टचा मध्य, तोही सर्जन आणि फिजिओथेरपिस्टने चाचण्या घेऊन हो म्हटलं तर. 'पळताना बघू' या दोन शब्दांसाठी दुसरं ऑपरेशन ओढवून घ्यायचं नाही. त्याला जायची इच्छा असेल तर जाऊ द्या, तिथल्या लोकांना भेटू द्या, पण बुटाची नाडी बांधायची नाही.

दुसरं, फोन त्याने स्वतः करायचा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलणार तो. तिकडचे कोच आईवडिलांच्या फोनपेक्षा मुलाच्या फोनला जास्त मान देतात, आणि त्यालाही आपल्या आयुष्याची सूत्रं पुन्हा हातात आल्यासारखं वाटेल. त्याने सरळ विचारावं, 'कोच, माझी ऑफर अजून कायम आहे का? १ ऑगस्टला मला लेखी पत्र मिळणार आहे का?' त्याबरोबर ऑपरेशनचा अहवाल आणि सर्जनचं पत्र पाठवायची तयारी दाखवावी. काहीही लपवू नका. करारासाठी खोटी माहिती दिली तर तेवढ्या कारणावरून स्कॉलरशिप काढून घेता येते.

उत्तर 'हो' आलं तर उत्तम. 'बघू', 'हंगाम सुरू झाल्यावर बोलू' असं आलं, तर ते नकारासारखंच धरा आणि त्याच दिवसापासून पुन्हा बाकी कॉलेजांशी बोलायला लागा. ज्या दोघांना त्याने नकार दिला होता त्यांनाही प्रामाणिकपणे लिहा. यात कमीपणा नाही. कधीकधी मधला प्रस्ताव येतो. 'ग्रेशर्ट' म्हणजे प्रवेश पुढच्या जानेवारीत घ्यायचा. स्कॉलरशिप लेखी मिळणार असेल तर याचा विचार करायला हरकत नाही, गुडघ्याला उलट वेळच मिळेल. 'प्रेफर्ड वॉक-ऑन' म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात जागा. जागा १०५ वर आल्यावर अशीच मुलं आधी बाहेर गेली. परराज्यातल्या सरकारी विद्यापीठाचा एकूण खर्च वर्षाला ५० हजार डॉलरच्या पुढे सहज जातो, तो अशा कच्च्या आश्वासनावर उचलू नये.

सोशल मीडियाचं म्हणाल तर आत्ता नको. सही न केलेल्या मुलाबद्दल कोचना जाहीरपणे बोलायला नियमानेच मनाई आहे, त्यामुळे तुम्हाला तिथून उत्तर येणार नाही आणि वाचणारे बाकीचे कोच मात्र सावध होतील. मनातली आग मला लिहून पाठवा, मी वाचेन.

पुढे कधी सहीची वेळ आली तर तीन गोष्टी तपासा. करार किती वर्षांचा आहे? महसुलातल्या वाट्याचा (कॉलेज खेळाच्या कमाईतून खेळाडूला देतं त्या पैशांचा) वेगळा करार असेल तर त्यात इजेबद्दल काय लिहिलंय? तो स्कॉलरशिपपासून अगदी निराळा असतो आणि स्कॉलरशिपचं संरक्षण त्याला आपोआप लागू होत नाही. आणि तिसरी गोष्ट कॉलेजात गेल्यावरची. 'मी स्वखुशीने संघ सोडत आहे' अशा अर्थाच्या कुठल्याही कागदावर त्याने घाईत सही करायची नाही. स्वतःहून संघ सोडला की स्कॉलरशिपचं संरक्षण उरत नाही, आणि जायबंदी मुलापुढे असा कागद सरकवणं फार सोपं असतं. (हे वाचणाऱ्या ज्या पालकांची मुलं एच-४ (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला) किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांनी महसुलाच्या वाट्याचे पैसे घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावंच. स्कॉलरशिपची गोष्ट वेगळी, या पैशांची वेगळी.)

आता तुमच्या यजमानांविषयी. त्यांना मुलाची काळजी आहे हे मला कळतं, पण 'झालं ते बरंच झालं' हे वाक्य त्यांनी मुलासमोर पुन्हा उच्चारू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याच्या दृष्टीने त्याचं काहीतरी खूप मोठं हिरावलं गेलंय. आणि अभ्यास की फुटबॉल, अशी निवड करायची वेळ आलेलीच नाही. एनसीएएच्या पात्रतेसाठी १६ ठरावीक विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. त्यातले १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण व्हावे लागतात. म्हणजे आत्ताचा अभ्यास दोन्हीकडे उपयोगी आहे. टेक्ससमध्ये वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश देणारा कायदा १९९७ पासून आहे, ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाची अट त्याहून कडक आहे. त्याचा क्रमांक काय आहे ते शाळेच्या कौन्सेलरकडून या आठवड्यात काढून घ्या.

डिव्हिजन-३ कडेही पाहा. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण गुणवत्तेवर आणि घरच्या आर्थिक परिस्थितीवर मदत मिळते, आणि ती गुडघ्यावर अवलंबून नसते. जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, एमआयटी, तुमच्या सॅन अँटोनिओतलं ट्रिनिटी, ही सगळी डिव्हिजन-३ मध्ये फुटबॉल खेळतात आणि इंजिनिअरिंगही शिकवतात. बापलेकांनी ही यादी एकत्र बसून पाहावी. प्रत्येक नावापुढे त्याने एकाच प्रश्नाचं उत्तर लिहावं: फुटबॉल नसता तरी मी इथे चार वर्षं राहिलो असतो का? ज्या विद्यापीठाने त्याला शब्द दिला होता त्याच्यापुढेही हेच उत्तर लिहायला सांगा.

जेवत नाही हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. मोठ्या इजेनंतर मुलं खचतात, संघातले मित्र सरावाला जातात आणि हा घरी बसतो. फॅमिली डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा, शाळेत कौन्सेलर आहेत त्यांच्याशी त्याची गाठ घालून द्या. त्याच्या शाळेच्या कोचना विचारा, की वसंतातल्या सरावात त्याला व्हिडिओ पाहून धाकट्या लाइनबॅकरना शिकवायचं काम देता येईल का. बहुतेक कोच आनंदाने देतात.

फोन या आठवड्यातच होऊ द्या. त्यांनी जे उत्तर दिलं ते शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठवा, सोबत त्याची आत्तापर्यंतची मार्कांची शीट आणि सर्जनचं पत्र जोडा. कोणत्या कॉलेजांना आधी लिहायचं ते मग आपण तिघे मिळून ठरवू.