पावणेतीन वर्षांच्या मुलीसाठी शेतीवरची चांगली चित्रपुस्तकं कोणती?

तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्यात राहता, गाव सुटून दोन पिढ्या झाल्या, मुलीला शेत कळावं असं वाटतं आणि दुकानात मिळतात ती सगळी इंग्रजी 'फार्म'ची पुस्तकं. मराठीत काही आहे का आणि कोणत्या वयाला काय द्यावं, असा प्रश्न आहे. मी ऐरोलीत बालवाडी चालवते. असली पुस्तकं रोज हाताळते, चिकटपट्टीने जोडतेही, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी त्या इंग्रजी पुस्तकांचं. लाल लाकडी कोठार, गुलाबी डुक्कर, टर्की, गवताचे गोल गठ्ठे, काळी-पांढरी गाय. हे खोटं नाही, तशी शेतं जगात आहेत. काळी-पांढरी गाय तर नगर-पुण्याकडच्या गोठ्यांतही सर्रास दिसते (लोक तिला सरसकट जर्सी म्हणतात, असते ती होल्स्टीनची संकरित). माझी तक्रार वेगळी आहे. त्या शेतांवर कुणी राबताना दिसत नाही. एका पानावर एक प्राणी, त्याचा आवाज, की झालं पुढचं पान. हे प्राण्यांचं पुस्तक झालं, शेताचं नव्हे. म्हणून पुस्तक निवडताना मी दोनच गोष्टी बघते. चित्रातला माणूस काही करतोय का, आणि पुढच्या पानावर त्या कामाचं काही झालेलं दिसतंय का.

दोन वर्षांखालच्या मुलांना ही अट लावू नका. त्यांना जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं, पानावर एकच ठसठशीत चित्र असलेलं पुस्तक पुरतं, आणि ते इंग्रजी असलं तरी बिघडत नाही, कारण वाचणार तुम्हीच. छापलेलं काहीही असो, गाय हंबरू द्या आणि कोंबडा कुकुचकू करू द्या. पिल्लांची नावंही तिथेच रुजतात: गायीचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. मराठी पुस्तकं बहुतेक मधे पिना मारलेली आणि पातळ कागदाची असतात. या वयाची मुलं पान तोंडात घालतात, म्हणून अशी पुस्तकं मोठ्यांच्याच हातात ठेवावीत.

तुमच्या मुलीचं वय मात्र खरं गोष्टीचं आहे. 'आता काय होणार?' हे तिला आता कळू लागलंय, आणि शेतीइतकं 'आता काय होणार' दुसऱ्या कुठल्या कामात सापडेल? फक्त पीक आपल्याकडचं घ्या. ठाणे जिल्ह्यात शेत म्हणजे भात. तुम्ही राहता तिथेही भातच होता. 1970 नंतर नवी मुंबई उभी राहिली त्याआधी खाडीला बांध घालून आतल्या खारजमिनीत आगरी कुटुंबं भात पिकवत होती, पलीकडे मिठागरं. गावठाणातल्या वयस्कर बायकांना विचारलंत तर कुठल्या सेक्टरच्या जागी कुणाचं खाचर होतं ते अजून सांगतील.

माझ्या सासूबाई त्यातल्याच. नवीन पुस्तक आलं की मी आधी त्यांच्यापुढे टाकते. त्यांना अक्षरं फारशी वाचता येत नाहीत, चित्रं मात्र त्यांच्याइतकी बारकाईने कुणी वाचत नाही. एका पुस्तकात भाताच्या लावणीचं सुंदर चित्र होतं, रांगेत बायका, ढग, बगळे. त्यांनी एका नजरेत सांगितलं, या बायका पुढे चालत लावतायत, म्हणजे आत्ता लावलेलं रोप स्वतःच तुडवणार. लावणी मागे सरकत करतात. दुसऱ्या एका पुस्तकात हिरवीगार रोपं कोरड्या भेगाळ मातीत उभी होती आणि शेजारी आंब्याला पिकलेले आंबे लटकत होते. आंबा मे महिन्यातला, लावणी जून संपता संपता सुरू होते, आणि चिखलणी केल्याशिवाय, म्हणजे पाणी भरलेल्या शेताचा नांगरून चिखल केल्याशिवाय, रोप जमिनीत जातच नाही. एका ठिकाणी नांगराला बैल होते, पण मानेवर जू नव्हतं. भुईमुगाच्या शेंगा फांदीला लोंबकळताना तर मी स्वतः पाहिल्यात, त्या जमिनीखाली लागतात.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पोरीला काय कळतंय! कळतं. पावणेतीन वर्षांचं मूल चित्राच्या कोपऱ्यातली मुंगी शोधून काढतं. मोठी माणसं मजकूर वाचतात तेव्हा ते तेवढा वेळ चित्रच बघत बसतं. चित्रकार कधी बांधावर उभा राहिलाय की नाही हे अशा तपशिलांत लगेच कळतं, आणि तुम्हालाही दुकानात दोन मिनिटांत तपासता येईल. भाताचं पुस्तक असेल तर पाणी आहे का, बांध आहे का, डोक्यावर इरलं (पावसात घ्यायचं पानांचं आच्छादन) किंवा निदान प्लॅस्टिकचा कागद आहे का ते बघा. नांगराऐवजी पॉवर टिलर दिसला तर नाक मुरडू नका. आज मुरबाड-शहापूरकडे तोच जास्त दिसतो, आणि मुलांना त्याचा आवाज काढायला फार आवडतं.

आता कुठे शोधायचं ते. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स' या संस्थेने 2015 साली 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात आणि वाचनाच्या पातळीनुसार निवडता येतात. तुमच्यासाठी पहिली पातळी. बी, पाऊस, शेत, बाजार असे शब्द टाकून शोधा. फक्त बऱ्याच गोष्टी दुसऱ्या भाषांतून आलेल्या असतात, त्यामुळे एकदा स्वतः मोठ्याने वाचून बघा. वाक्य जिभेवर अडखळलं तर तुमच्या शब्दांत सांगा. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची द्विभाषिक पुस्तकं मराठी-इंग्रजी जोडीतही मिळतात. आजी एका भाषेत आणि आईबाबा दुसऱ्या भाषेत वाचणार असतील तर ती सोयीची. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला स्वस्त आहे, छपाई कधी फिकी निघते, पण प्रदर्शनात चाळून घेतलीत तर चांगलं काही हाती लागतं. आणि मूळ मराठीतलंच हवं असेल तर ज्योत्स्ना प्रकाशनाची यादी बघा, विशेषतः माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं. त्यांना 2014 साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. लिहितातही त्याच, चित्रंही त्याच काढतात, आणि त्यांच्या चित्रातली माणसं रिकाम्या हातांनी बसलेली क्वचितच दिसतात. सगळी शेतावरची नाहीत, पण या वयाला एवढी काटेकोर विषयवारी लागत नाही.

बाजाराचं पुस्तक मी शेतीच्याच खणात ठेवते. नवी मुंबईतल्या मुलांना शेताचं दुसरं टोक घराजवळ दिसतं. तुर्भ्याच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या, भाज्यांच्या, फळांच्या गाड्या रिकाम्या होतात ते दाखवायला गावी जावं लागत नाही. मेथीची जुडी आणली की निवडण्याआधी मुलीसमोर ठेवा. मुळं असतात, मुळांना माती असते. हिवाळ्यात हरभऱ्याच्या जुड्या येतात, पावसाळ्यानंतर ओल्या शेंगा. पुस्तकातलं चित्र आणि ही जुडी शेजारी ठेवली की बोलायला तुम्हाला काही सुचवावं लागत नाही, प्रश्न तिकडूनच येतात.

चार वर्षांची झाली की वारली चित्रं आणा. शाली-कपांवर छापतात ती नव्हे, गोष्ट सांगणारी. गेरूच्या मातीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या त्या चित्रांत भातशेतीचं सगळं वर्ष सापडतं: लावणी, कापणी, भारे वाहणाऱ्या बायका, खळ्यात तिवड्याभोवती (मधल्या खांबाभोवती) मळणीला फिरणारे बैल, उंदीरसुद्धा. ही कला आपल्याच भागातली, डहाणू-तलासरीकडची. 2014 साली पालघर वेगळा होईपर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली ती याच चित्रांसाठी. मुलांना ती जवळची वाटतात कारण दोन त्रिकोण आणि काड्यांची माणसं त्यांना स्वतःला काढता येतात. आमच्याकडे भिंतीवर तपकिरी कागद लावून ठेवलाय आणि पांढरा खडू. तिथले बैल बहुतेक उंदरांएवढे असतात, चालतं.

मनासारखं पुस्तक मिळालंच नाही तर घरी बनवा. राब भाजणं (रोपं तयार करायची जागा पालापाचोळा जाळून भाजणं), पेरणी, चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी, गिरणी, ताटातला भात. एवढे फोटो ओळखीतल्या कुणाच्या गावाहून वर्षभरात गोळा होतात. जाड कार्डावर चिकटवून वरून लॅमिनेशन, भोकं पाडून नाडी ओवायची. मजकूर एका पानाला एक ओळ, त्यात एक क्रियापद. बाकी मुलगी सांगेल.

आणि जमलं तर जुलैत एका रविवारी मुरबाड किंवा शहापूरच्या बाजूला जा, कापणी बघायची असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी-शेवटी. शेतावर कुणी असेल तर आधी विचारा. मुलीला बांधावरूनच चालवा, काठ ओला असतो आणि पायाखाली ढासळतो. खाचरात उतरू दिलं तर चपला वर ठेवून उतरा, आणि कपड्यांचा जास्तीचा जोड बॅगेत असू द्या, दोघींचाही.