दाखल्यात काहीतरी खटकलं पाहिजे

प्रिय बाळ,

सलाम.

तुझ्या उपदेशाचं रेकॉर्डिंग पोचलं आणि मी ते शेवटपर्यंत ऐकलं. रोजच्या जगण्यातल्या गोष्टी उपदेशात कशा आणाव्यात, असं तू विचारलंस. सुरुवात तुझ्याच गुऱ्हाळापासून करतो.

पवित्र शास्त्रातल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातला रुपे, म्हणजे चांदी, गाळणारा तू घेतला होतास, आणि तो मंडळीला जवळचा वाटावा म्हणून गुऱ्हाळ आणलंस. दिशा अगदी बरोबर आहे. आपल्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी रुपे गाळताना कुणी पाहिलं नसेल, पण गूळ होताना बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे. पुढे मात्र तू म्हणालीस, “रस उकळला की मळी आपोआप वर येते, तसं संकटाच्या आगीत आपलं पाप वर येतं.” करवीर, कागल, पन्हाळा, कुठल्याही भागातल्या गुळव्यासमोर हे वाक्य बोलून बघ. तो नकारार्थी मान हलवेल. नुसत्या जाळानं थोडी मळी येते, पण रस निवळत नाही. त्यासाठी भेंडीची झाडं ठेचून पाण्यात कुस्करतात आणि ते बुळबुळीत पाणी काहिलीत सोडतात. ते रसातली घाण धरून वर आणतं. मग कुणीतरी काहिलीशी उभं राहून ती मळी झाऱ्यानं काढत राहायची. पाक आटत आला की गुळव्या त्यातला थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी वळून बघतो. गोळी झाली की लगेच काहील उतरवायची. तिथं जरा उशीर झाला तर सगळा माल करपतो, म्हणून त्या वेळी गुळव्या कुणाशी बोलतसुद्धा नाही.

तुझा खरा उपदेश या तपशिलात होता आणि तू त्याच्या शेजारून निघून गेलीस. संकट आपोआप कुणाला शुद्ध करत नाही. संकटानं कडवट झालेली, चर्चची पायरी सोडलेली माणसं तुझ्याच वॉर्डात आहेत. तू “आपोआप” म्हणालीस तेव्हा त्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल? बाहेरून काहीतरी आत सोडावं लागतं आणि कुणीतरी जाळाशेजारी थांबावं लागतं. मलाखीत लिहिलंय की रुपे गाळणाऱ्यासारखा तो ‘बसेल’. हा शब्द लोक घाईत वाचून पुढे जातात. काहिलीपासून न हलणारा गुळव्या ज्यानं पाहिलाय, त्याला तो शब्द वेगळा सांगावा लागणार नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की ज्या कामाचा दाखला द्यायचा त्या कामाजवळ जा. लांबून पाहिलेल्या कामातून फक्त सुविचार निघतो. जवळ गेलं की त्यात काहीतरी खटकतं, अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं, आणि देवाच्या राज्याची गोष्ट बहुधा तिथंच सुरू होते.

प्रभूचे दाखले या नजरेनं पुन्हा वाच. बी, मासळीचं जाळं, पिठातलं खमीर, हरवलेलं मेंढरू, यांतली प्रत्येक वस्तू ऐकणाऱ्याच्या घरातली किंवा शेतातली आहे. पण गोष्ट घरच्यासारखी संपत नाही. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून एकामागे जाणारा मेंढपाळ व्यवहारी म्हणता येत नाही. वाटणी उडवून आलेल्या पोराकडे भर रस्त्यातून धावत जाणारा बाप त्या काळच्या गावात कुणी पाहिला नसेल. अब्रूदार म्हातारी माणसं धावत नसत. लूक 16 मधल्या लबाड कारभाऱ्याची तर धनी वाहवा करतो. ऐकणारा दचकतो, आणि दचकल्यावर तो गोष्ट घरी घेऊन जातो. रोजच्यातली गोष्ट रोजच्यासारखीच संपली, तर ती छान वाटते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत विसरली जाते.

मत्तय 20 घे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांवर तुला कधीतरी बोलावंच लागेल. त्याआधी एखाद्या सकाळी शहरातल्या मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभी राहा. घमेलं, थापी, डबा घेऊन माणसं उभी असतात. मिस्त्री येतो, दंडाकडे बघतो, तरणे गडी निवडून नेतो. ऊन चढल्यावर उरतात ते म्हातारे, एखादा लंगडणारा, तान्हं मूल कडेवर असलेली बाई. थोड्या वेळानं तेही डबा न उघडता घरी जातात. संध्याकाळी पाचला कामाला माणूस न्यायला कुणीच येत नाही. एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलंस, की दिवस मावळायला तासभर राहिलेला असताना पुन्हा नाक्यावर येणारा तो धनी किती विचित्र आहे, हे तुला सांगावं लागणार नाही, ते दिसेल. आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही, हे त्या मजुरांचं उत्तर आळशाचं नाही हेही दिसेल. आणि तो धनी त्यांना तासाची नव्हे, पूर्ण दिवसाची हजेरी देतो. ‘हजेरी’ म्हण, बाळ. आपल्या मंडळीतल्या गवंड्याला ‘वेतन’ या शब्दानं काहीही होत नाही.

मग पुढचं टाळू नकोस. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. आपल्या मंडळीत सकाळपासून राबलेले कोण? पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी, पहिल्या बाकावरचे वडील, सणाला भांडी घासणाऱ्या मावश्या. त्यांना ते खटकू दे. त्यांचा अपमान करू नकोस, पण लगेच समजूतही घालू नकोस. नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला गेला तेव्हा त्यानं आधी गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली, आणि दावीद संतापून निकाल देऊन मोकळा होईपर्यंत थांबला. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे त्यानंतर आलं. गोष्ट अर्ध्यात तोडून अर्थ सांगायची घाई झाली असती, तर दावीदानं स्वतःचा निकाल स्वतः दिला नसता.

खटकणारी जागा गुळगुळीत करायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सुईच्या नेढ्यातून उंट जाणं सोपं, या वचनावर तू नक्की ऐकलं असशील की यरुशलेमला ‘सुईचं नेढं’ नावाचा एक लहान दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून, ओझं उतरवून त्यातून जात असे. प्रभूच्या काळात तसा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही. गोष्ट सोयीची आहे म्हणून ती टिकली. तिच्यामुळे श्रीमंताला गुडघे टेकून का होईना आत शिरता येतं. पण शिष्य तर ऐकून थक्क झाले होते, मग तारण कुणाचं होणार म्हणून विचारत होते. त्यांना दरवाजाची युक्ती माहीत नव्हती. माणसाला अशक्य ते देवाला शक्य, हे उत्तर त्या थक्क होण्याला आलं आहे. दरवाजा आणलास की उत्तराची गरजच उरत नाही.

तसाच तो गरुड. यशया 40 मधल्या गरुडाच्या पंखांवर बोलणारा प्रत्येक दुसरा माणूस सांगतो की चाळिशीला गरुड डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच तोडतो, नख्या उपटतो आणि नव्यानं जगतो. चोच तुटलेला गरुड उपाशी मरतो. पिसं त्याची झडतात ती हळूहळू, थोडी थोडी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली गोष्ट व्यासपीठावर नेण्याआधी ती खरी आहे का हे बघणं हा उपासनेचाच भाग समज. पुढच्या बाकावर बारावी सायन्सचा मुलगा बसलेला असतो. गरुडाबाबत तुझं खोटं त्यानं पकडलं, तर पुनरुत्थानाबाबत तो तुझं का ऐकेल? रुपे गाळणारा त्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत थांबतो, हेही मलाखीत कुठं नाही. ते सांगायचंच असेल तर वचनात आहे असं म्हणू नकोस.

1852 साली अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले, त्याला आता पावणेदोनशे वर्षं होत आली. मिशनरींनी आपल्याला शाळा दिल्या, दवाखाने दिले, पवित्र शास्त्र हातात ठेवलं. ते ऋण मी कधी विसरणार नाही. त्यांच्याबरोबर त्यांचे दाखलेही आले, हिमवादळात चुकलेला मुलगा आणि दीपगृहाचा रखवालदार. ते त्यांच्या लोकांसाठी जिवंत होते. आपण ते अजून तसेच सांगतो, आणि शिरोलीच्या फाउंड्रीत साच्यात लोखंड ओतणारा माणूस बाकावर बसून बर्फाची कल्पना करत राहतो. त्याला त्याच्या कामाबद्दल विचार. रात्रपाळी करून थेट उपासनेला आलेल्या नर्सला विचार. माणसं आपल्या कामाबद्दल आनंदानं बोलतात; त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

आता जे सांगायला सगळ्यात जड आहे ते. पूर.

2019 आणि 2021 नंतर कोल्हापुरात मत्तय 7 वर उपदेश करणं सोपं राहिलेलं नाही. खडकावरचं घर टिकलं, वाळूवरचं पडलं, शहाणा आणि मूर्ख. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की ज्यांची घरं पाण्यात जातात, ती माणसं मूर्ख नाहीत. नदीकाठची जागाच त्यांच्या वाट्याला आलेली असते. भिंत मातीची होती, पाण्यात भिजली, बसली. गाळ काढताना त्यांनी कपाटातलं पवित्र शास्त्र उन्हात पान पान सुटं करून वाळवलं, आणि त्यांच्याचसमोर आपण म्हणायचं की ज्याचं घर पडलं त्यानं वचन पाळलं नाही? तू तसं कधी म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे, पण न म्हणताही ते तसंच ऐकू जातं. म्हणून पुराचा दाखला दिलास तर आधी वचनातलं हे वाक्य सावकाश वाच: पाऊस पडला, पूर आले, वारा सुटला. दोन्ही घरांच्या बाबतीत ते तसंच्या तसं लिहिलंय. पूर दोघांनाही आला. ऐकून त्याप्रमाणे वागणाऱ्याच्या दारातसुद्धा आला. पूरग्रस्ताला पहिल्यांदा हे ऐकू दे, मग पाया काय ते बोल. आणि नोहाचा पूर व पंचगंगेचा पूर एका वाक्यात कधीच जोडू नकोस. पंचगंगा कुणाच्या पापासाठी चढली हे सांगायचा अधिकार तुला कुणी दिलेला नाही.

याच कारणासाठी माणसांच्या खासगी गोष्टी. दवाखान्यात खाटेशेजारी ऐकलेलं, प्रार्थना करताना कुणी रडत सांगितलेलं, यातलं काहीही व्यासपीठावर जाता कामा नये. नाव बदलून चालत नाही. आपल्या एवढ्याशा मंडळीत “एक बहीण, जिचा मुलगा पुण्याला असतो” म्हटलं की सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. तिची परवानगी असेल, तर जे सांगणार ते तिला आधी शब्दशः वाचून दाखव. तिनं एक वाक्य काढायला सांगितलं तर ते काढ, मग उपदेश त्याच वाक्यावर उभा असला तरी.

गोष्ट झाल्यावर परत कुठं यायचं, हे कीर्तनात बघ. आपल्या लोकांनी ख्रिस्ती कीर्तनं नगर भागात एकोणिसाव्या शतकातच सुरू केली होती, तेव्हा देवळात किंवा मंडपात जाऊन कीर्तन ऐकायला संकोच करू नकोस. चांगला कीर्तनकार कितीही लांब गोष्टीत शिरला, लोकांना हसवलं, रडवलं, तरी टाळ वाजला की निरूपणाला घेतलेल्या अभंगाच्या चरणावर येऊन उभा राहतो. प्रत्येक वेळी तोच चरण, पण आता तो थोडा उघडलेला असतो. तुझ्या उपदेशात तीन गोष्टी होत्या आणि शास्त्रभाग फक्त सुरुवातीला आला. गोष्टी दोन कर, हवी तर एकच ठेव, आणि प्रत्येकीनंतर मलाखीचं ते वाक्य पुन्हा म्हण. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठ’ या जुन्या ग्रंथात 114 दृष्टान्त आहेत. तिथं आधी चक्रधरस्वामींचं सूत्र येतं, मग दृष्टान्त, मग तो कुठं आणि कसा लागू पडतो ते. तिन्हींची जागा ठरलेली. आपल्यातले बरेच जण मधलाच भाग तेवढा सांगून खाली उतरतात.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. गोष्ट तीन-चार मिनिटांच्या पुढे गेली की ती तुझी होते, वचनाची राहत नाही. आवाज बदलून संवाद म्हणायची तुला गरज नाही. तुझा साधा आवाज चांगला आहे.

पुढच्या महिन्यात महिला मंडळात तू लूक 15 घेणार आहेस असं कळलं. हरवलेलं नाणं घे. लिहायला बसण्याआधी मंडळातल्या दोघी-तिघींना विचार, की घरात ठेवलेले पैसे सापडेनासे झाले तर त्या काय करतात, आधी कुठं बघतात, कुणाला सांगतात आणि कुणाला सांगत नाहीत. मला वाटतं बऱ्याच जणी म्हणतील की कुणालाच सांगत नाही. दाखल्यातली बाई मात्र मैत्रिणींना, शेजारणींना बोलावते, आणि एवढ्या जणी दारात आल्यावर त्यांच्यापुढे ठेवायला तिचा खर्च किती झाला असेल त्याचा हिशोब कर. जे लिहिशील ते घेऊन शनिवारी संध्याकाळी घरी ये. मोठ्यानं वाचून दाखव. काकूही ऐकायला बसणार आहेत, आणि नाण्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रभूमध्ये तुझा,
काका