‘न्यूरोची केस आली तर मी नापासच’

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची ती विद्यार्थिनी समुपदेशनाला आली ती हेच म्हणत. मेडिसिनमधलं बाकी सगळं जमतं, फक्त न्यूरोला, म्हणजे मेंदू-नसांच्या आजारांना, डोकं चालत नाही. ही तक्रार इतकी सर्रास आहे की तिला नावही आहे. १९९४ साली राल्फ जोझेफोविच या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने तिला ‘न्यूरोफोबिया’ म्हटलं.

तिची वही सुरेख होती. रंगीत पेनांनी काढलेले अकरा ट्रॅक्ट, म्हणजे मेंदू आणि शरीर यांच्यातले नसतंतूंचे मार्ग. “हातोडीनं गुडघ्याखाली ठोकून शेवटचा नी जर्क कधी काढलास?” यावर मात्र ती गप्प. वॉर्डात अर्धांगाचा पेशंट वाट्याला आला की मैत्रिणीला देऊन ती लिव्हरची केस घ्यायची. न्यूरोॲनाटॉमी (मेंदू आणि नसांची रचना) पहिल्या वर्षी पाठ केलेली, पेशंट समोर येईपर्यंत विसरलेली. टाळलं की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं आणि पुढच्या खेपेला टाळणं आणखी सोपं जातं. डोक्याचा प्रश्न नव्हताच.

म्हणून पाठांतर बंद केलं. अकराऐवजी तीनच ट्रॅक्ट, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: बाजू कुठे बदलतो? कॉर्टिकोस्पायनल (हालचालीचा) मेड्युलाच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या सर्वांत खालच्या भागाच्या, खालच्या टोकाला. डॉर्सल कॉलमचा (कंपन आणि सांध्यांच्या जाणिवेचा) मार्गही मेड्युलातच. स्पायनोथॅलॅमिक (वेदना-तापमानाचा) मात्र स्पायनल कॉर्डमध्ये (मज्जारज्जूत) शिरल्यावर एक-दोन सेगमेंटमध्येच (टप्प्यांतच).

पहिला आठवडा रूममेटवर, रोज रात्री दहा मिनिटं, फक्त रिफ्लेक्स (ठोक्यावर आपोआप येणारी हालचाल). तिला जर्क मिळेचना, कारण ती हातोडीचा दांडा वरच्या टोकाशी धरून टोचल्यासारखी मारत होती. दांडा शेवटाकडे धरायचा, मनगट सैल सोडायचं, हातोडी स्वतःच्या वजनानं पडू द्यायची. पायही सैल हवा. तरी जर्क आला नाही तर समोरच्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगायचं आणि त्याच क्षणी ठोका द्यायचा. त्याआधी ‘रिफ्लेक्स नाही’ असं लिहायचं नाही. प्लँटर (तळव्याचा रिफ्लेक्स) काढताना टाचेपासून करंगळीच्या कडेनं वर जाऊन अंगठ्याकडे वळायचं आणि अंगठ्याची पहिली हालचाल बघायची. फार जोरात ओढलं की पेशंट अख्खा पाय मागे घेतो. ते उत्तर धरू नये.

पुढे रोज एक पेशंट, वीस मिनिटं. अट एकच: सीटी-एमआरआय बघण्याआधी एक ओळ लिहायची. आधी बिघाड ‘कुठे’, मग ‘काय’. ‘काय’ ठरतं बहुधा वेळेवरून: क्षणात आलं तर रक्तवाहिनी, दिवसांत वाढलं तर संसर्ग किंवा सूज, महिन्यांत वाढलं तर गाठ किंवा झीज. चौथ्या दिवशी तिचं सगळं अचूक निघालं, कारण तिनं रिपोर्ट आधी वाचला होता! मग तपासणी होईपर्यंत फाइल सिस्टरांच्या टेबलावर राहू लागली.

एका आजोबांचा उजवा हात ‘बधिर पडला’ होता. पंधरा मिनिटं कापूस आणि पिन फिरवून झाली, संवेदना शाबूत. ताकद मात्र ३/५. आपल्याकडे लुळेपणालाही बधिरच म्हणतात. ‘चक्कर’ तर त्याहून फसवी: गरगरणं, अंधारी, तोल जाणं, कधी फिटसुद्धा. “आजोबा, हात लावलेला कळत नाही, की हात उचलत नाही?” एवढं आधी विचारलं असतं तर पंधरा मिनिटं वाचली असती.

मग तिनं नीट पाहिलं. तोंड वाकडं, पण कपाळाला आठ्या दोन्हीकडे. चेहरा, हात, पाय सारखेच कमजोर. बोलण्याचा अर्थ कळतोय, शब्दही सापडताहेत. तिची ओळ: ‘डावी इंटर्नल कॅप्सूल (मेंदूत खोलवरचा नसतंतूंचा पट्टा), अचानक, रक्तवाहिनी.’ एमआरआय आला, इन्फार्क्ट (रक्त न पोचल्यानं मेलेला भाग) डाव्या पॉन्समध्ये, म्हणजे त्याच्या खाली, मेंदूच्या देठात.

“बघा, चुकलंच ना?”

नाही. बाजू बरोबर, अप्पर मोटर न्यूरॉन (मेंदूतून खाली येणारा हालचालीचा मार्ग) बरोबर, कारण बरोबर. निव्वळ मोटर अर्धांगात (संवेदना शाबूत, फक्त ताकद गेलेली) कॅप्सूल की पॉन्स हे नुसत्या तपासणीवरून अनेकदा ठरत नाही. परीक्षेत दोन्ही जागा सांगायच्या.

आता ती केस बदलून घेत नाही. तक्रार नवी आहे: सेन्सरी (संवेदना) तपासता तपासता पेशंट पेंगतात. त्यावर उपाय म्हणजे सेन्सरी शेवटी, पाच मिनिटांत, डावं-उजवं ताडून, आणि दर वेळी “टोचतंय का?” विचारायचं नाही, “टोचलं की सांगा” म्हणायचं.