रंगखात्यातलं फॉर्मिक ॲसिड: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : रिॲक्टिव्ह डाईंगनंतर सुती कापड न्यूट्रल करायला आम्ही ॲसेटिक वापरतो. मालक आता फॉर्मिक घ्या म्हणतात. प्रमाण किती धरायचं आणि कापडाला काही होईल का? (डाईंग सुपरवायझर, इचलकरंजी)

बदल जरूर करा. १ किलो ग्लेशियल (जवळपास शुद्ध) ॲसेटिक जेवढा अल्कली (डाईंगमध्ये घातलेला सोडा वगैरे) मारतं, म्हणजे न्यूट्रल करतं, तेवढ्याला ८५ टक्क्यांचं फॉर्मिक साधारण ९०० ग्रॅम पुरतं. सोडा ॲशचा (धुण्याच्या सोड्याचा) हिशोब तर लक्षात ठेवायला सोपा आहे: १ किलो सोडा ॲश पूर्ण मारायला ८५ टक्क्यांचं फॉर्मिक १ किलोच्या आसपास लागतं. पण आधी गरम-थंड धुलाई नीट होऊ द्या. धुलाईत वाचवलेलं पाणी ॲसिडने भरून काढायचा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहतो. त्यात ॲसिडही जातं आणि कापडात मीठही राहतं.

फॉर्मिक हे ॲसेटिकच्या सुमारे दहापट तीव्र आहे, त्यामुळे बाथचा (कापड बुडालेल्या पाण्याचा) पीएच झपकन खाली येतो. दहापट पाण्यात पातळ करून, मशीन चालू ठेवून, हळूहळू सोडा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. शेवटचा पीएच ६ ते ७ च्या दरम्यान ठेवा. काही रिॲक्टिव्ह रंगांचा धाग्याशी असलेला बंध आम्लात सुटतो आणि मग ग्राहकाकडे कापडाचा रंग जातो. नुसत्या बाथमध्ये पीएच पेपर बुडवून समाधान मानू नका. पाणी न्यूट्रल दिसतं तेव्हाही धाग्याच्या पोटात सोडा शिल्लक असतो. दहा मिनिटांनी कापडाचा तुकडा पिळून त्या पाण्याचा पीएच बघा.

मला या बदलाचा सर्वांत मोठा फायदा सांडपाण्यात दिसतो. १ ग्रॅम ॲसेटिकच्या पूर्ण ऑक्सिडेशनला १.०७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, १ ग्रॅम फॉर्मिकला ०.३५. म्हणजे तेवढाच अल्कली मारताना फॉर्मिकचा सीओडीचा (सांडपाण्यातली घाण मोडायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाचा) भार ॲसेटिकच्या चौथा हिस्साच पडतो. वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेत सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. पंचगंगेच्या काठावर कारखाना चालवणाऱ्याने किमतीच्या आधी हा आकडा बघावा, असं मला मनापासून वाटतं.

पॉलिस्टरला मात्र ॲसेटिकच राहू द्या. पॉलिस्टरला लागणाऱ्या डिस्पर्स रंगांना ४.५ ते ५ हा पीएच शेवटपर्यंत स्थिर लागतो आणि तिथे ॲसेटिक-सोडियम ॲसेटेटची जोडी फॉर्मिकपेक्षा चांगली टिकते.

प्रश्न : टॉवेलवरचे गंजाचे डाग आम्ही ऑक्झॅलिकने काढतो. डाग जातो, पण काही दिवसांनी त्याच जागी कापड फाटतं. (टॉवेल उत्पादक, सोलापूर)

डाग काढल्यावर ऑक्झॅलिक नीट धुतलं जात नाही, हेच कारण. फॉर्मिक आणि ॲसेटिक वाळवताना बरंचसं उडून जातं. ऑक्झॅलिक उडत नाही. ड्रायरमध्ये पाणी जातं, ॲसिड धाग्यात घट्ट होत राहतं आणि उष्णतेत सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. डाग गेला की लगेच भरपूर पाण्याने धुवा, थोड्या सोड्याच्या पाण्यातून काढा, पुन्हा धुवा आणि मगच वाळवा. ऑक्झॅलिक पोटात गेलं तर मूत्रपिंडांना इजा करतं. ते दिसायला साखरेसारखं पांढरं असतं, म्हणून चहाच्या सामानाजवळ कधीही ठेवू नका.

प्रश्न : फॉर्मिक वापरलेलं कापड तान्ह्या बाळाला चालेल का?

नीट धुऊन वाळवलेल्या कापडात ते राहत नाही. निर्धास्त वापरा. नवं कापड एकदा घरी धुवावं, हे एरवीही चांगलंच.

प्रश्न : उन्हाळ्यात फॉर्मिकचे कॅन फुगतात. माल खराब आहे का? (स्टोअरकीपर, भिवंडी)

माल खराबच असेल असं नाही, पण फुगणं ही धोक्याची खूण आहे. तीव्र फॉर्मिक हळूहळू विघटित होऊन कार्बन मोनॉक्साइड सोडतं, उष्णतेत जास्त. हा वायू विषारी आहे आणि त्याला वास नाही. फुगलेला कॅन बंद खोलीत उघडू नका. उघड्यावर, गॉगल घालून, चेहरा लांब ठेवून झाकण सावकाश सैल करा. वायू बाहेर जाऊ देणारी झाकणं पुरवठादाराकडून मागून घ्या आणि स्टोअर सावलीत, हवेशीर ठेवा. साध्या लोखंडी भांड्यात फॉर्मिक ओतू नका: लोखंड खाल्लं जातं, हायड्रोजन निघतो आणि लोहाचे डाग कापडावर येतात.

शेजारी काय ठेवता तेही बघा. ब्लीचमध्ये पडलं तर क्लोरीन निघतो, हायड्रोसवर (सोडियम हायड्रोसल्फाइटवर) पडलं तर सल्फर डायऑक्साइड. तीव्र पेरॉक्साइडशी मिसळलं तर स्फोटक परफॉर्मिक ॲसिड तयार होतं आणि सल्फ्युरिकशी मिसळलं तर कार्बन मोनॉक्साइड जोरात सुटतो. माझ्या मते या चार गोष्टी वेगळ्या खोलीतच हव्यात.

प्रश्न : माझे मिस्टर रंगखात्यात हेल्पर आहेत. ॲसिड उडालं तर लगेच सोडा लावायचा, असं तिथे सांगतात. ते बरोबर आहे का?

नाही ताई. आधी पाणी, भरपूर पाणी. सोडा शोधण्यात वेळ जातो, आणि अंगावरच ॲसिड-सोड्याची क्रिया होऊन उष्णता निघते. भिजलेले कपडे लगेच काढायचे आणि वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटं धुवायचं. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ धुवायचं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. फॉर्मिक त्वचेतून रक्तातही जातं, म्हणून मोठा भाग भाजला असेल तर दुखणं थांबलं तरी दवाखाना टाळू नका. वाफ छातीत गेली तर धाप काही तासांनीही लागू शकते. पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका.

त्यांना निओप्रिन किंवा ब्युटाइल रबराचे हातमोजे, गॉगल आणि गमबूट मिळायलाच हवेत, आणि ते देणं मालकाचं काम आहे. नायलॉनचे हातमोजे अजिबात नकोत, कारण ८५ टक्क्यांच्या फॉर्मिकमध्ये नायलॉन विरघळतं. दवाखान्यात जाताना कॅनवरच्या लेबलाचा फोटो सोबत न्यायला सांगा. कुठलं ॲसिड आणि किती टक्क्यांचं, हे डॉक्टरांना लगेच कळतं.