डेटाबेस शिकताना आधी टेबलं आख
एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या, कमांड पाठ करायची घाई नको. आधी कागदावर टेबलं आख. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमधून, म्हणजे माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीतून, आलेली शिस्त अशी: ग्राहकाचा फोन नंबर एकाच जागी ठेवायचा, ऑर्डरच्या टेबलात फक्त ग्राहक क्रमांक. फोन नंबर प्रत्येक ऑर्डरमध्ये लिहिलास, तर बदल करताना एखादी ओळ जुनीच राहते आणि मग खरा कोणता, हे डेटाबेसलाही कळत नाही. प्रायमरी की (टेबलातल्या प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) आणि फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा क्रमांक) यासाठीच. त्या सुरुवातीपासून लाव. इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधायची सोय, सावकाश बघ. शोध वेगवान होतो, पण प्रत्येक नव्या नोंदीला तोही अद्ययावत करावा लागतो. पैशांचा हिशोब असेल तर मात्र ट्रान्झॅक्शन आधी शिक: एका खात्यातून वजा, दुसऱ्यात जमा, दोन्ही होतील किंवा एकही नाही.