चहाला हो म्हण

प्रिय बाळ,

तुझं पत्र वाचल्यापासून खोलीतल्या तिघींपेक्षा लायब्ररीतल्या त्या मुलीचाच विचार माझ्या मनात जास्त घोळतोय. तिघींनी तुला वगळून वेगळा ग्रुप काढला, रविवारी संध्याकाळी मेस बंद असताना परस्पर बाहेर जेवून आल्या, हे वाईटच झालं. पण ती मुलगी "चहाला येतेस का?" म्हणाली तेव्हा तू "नको, सबमिशन आहे" म्हणून मोकळी झालीस. सबमिशन नव्हतंच, हे तूच लिहिलंयस. तिनं तुझं काय वाकडं केलं होतं गं?

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं मी म्हणणार नाही. हे लागतंच. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांकडे एकदा बागेत दोन अनोळखी माणसांची फ्रिसबी आली. त्यांनी ती परत फेकली, तिघांचा खेळ रंगला, आणि मग त्या दोघांनी यांच्याकडे फेकणंच बंद केलं. ते त्यांना इतकं लागलं, की त्यातूनच पुढे कॉम्प्युटरवरच्या चेंडू फेकाफेकीचा प्रयोग जन्माला आला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. काही मिनिटं आपल्याकडे चेंडू आला नाही, एवढ्यानंही माणसं खट्टू होतात. समोर माणूस नाही, कॉम्प्युटर खेळतोय, असं आधी सांगितलं तरी होतात. तू तर त्या तिघींबरोबर एका खोलीत राहतेस.

मला जास्त मोलाचा वाटतो तो जॉन मॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ सालचा अभ्यास. डावललेल्या माणसांना नव्या माणसांची ओढ उलट वाढते, असं त्यात दिसलं. ज्यांनी डावललं त्यांच्याविषयी मात्र ती वाढली नाही. आणि लोक आपल्याला नावं ठेवतील ही धास्ती ज्यांच्या मनात मुळातच जास्त होती, त्यांना नवी माणसंही नकोशीच राहिली.

तू या शेवटच्यांत जाऊन बसशील, ही माझी खरी काळजी. "तिनं कीव येऊन विचारलं असेल," असं लिहिलंयस. कशावरून? मन दुखावलं की साध्या प्रश्नातही खोट दिसायला लागते. आपण "नको" म्हणतो, समोरची पुन्हा विचारत नाही, आणि आपल्याला वाटतं, बघा, मी कुणालाच नकोय.

तिघींची मनधरणी करू नकोस. अबोलाही धरू नकोस. दिवा, पंखा, किल्ली एवढ्यापुरतं नीट बोल, बास. लायब्ररीतल्या मुलीला मात्र उद्या तूच विचार. एक कटिंग, पंधरा मिनिटं. खोलीतलं सगळं रामायण पहिल्याच दिवशी सांगू नकोस, तिचा विषय कोणता, गाव कुठलं, ते विचार. ती नाही म्हणाली तर वाईट वाटेल, संध्याकाळ वाया जाईल. तेव्हा मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी. पण विचार.

तुझ्या,
बाई