जपानी नाव अंदाजाने वाचू नका

'डोंगर' अर्थाचं कांजी अक्षर (जपानीत वापरलं जाणारं, चिनी लिपीतून आलेलं अक्षर) यामादा या आडनावात 'यामा' होतं, फुजीसानमध्ये, म्हणजे फुजी पर्वताच्या नावात, 'सान'. हा 'सान' म्हणजे आदरार्थी 'राव' नव्हे, डोंगरच. शब्दांचे असे उच्चार सरावाने बसतात. नावांचं तसं नाही. 'पूर्व' या एकाच अक्षराचं आडनाव कुणाचं हिगाशी, कुणाचं आझुमा. अर्थ ठाऊक असून उपयोग शून्य. जपानच्या कोसेकीत, म्हणजे कुटुंब-नोंदवहीत, उच्चार नोंदवायला सुरुवातच मुळी मे २०२५ मध्ये झाली! म्हणून व्हिजिटिंग कार्डावर फुरिगाना, म्हणजे कांजीजवळ बारीक काना (उच्चारदर्शक) अक्षरांत दिलेला उच्चार, आधी शोधा. नसेल तर खुशाल विचारा, 'नान तो योमिमासु का?' (हे कसं वाचायचं?) जपानी माणसंही एकमेकांना विचारतात, त्यात कमीपणा अजिबात नाही.